कार्डावर उरलेली जागा

“जागेचं काम असेल तर मुलाला भेटा. तो अलिबागला असतो,” दार अर्धंच उघडून मुकुंदराव चौबळ म्हणाले.

“जागेचं नाही. मी वावेकरांची. आरोन कंपाउंडरांची नात, रिबका.”

“कळलंय मला. एस.टी.तून उतरून पानवाल्याकडे माझं घर विचारलंत, ती बातमी तुमच्या आधी इथं पोचली.” त्यांची नजर माझ्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली. “कॅमेरा आहे का त्यात?”

“टेपरेकॉर्डर आहे.”

“तो बंद ठेवा.”

मग त्यांनी दार पुरतं उघडलं. चौसष्ट-पासष्टचं वय, ताठ अंगकाठी, स्वच्छ पांढरा लेंगा-सदरा. त्यांनी मला झोपाळ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं, पण आपण बसायच्या आधी टेबलावर पसरलेले कागद गोळा करून त्यांच्यावर वर्तमानपत्र टाकलं. माझ्या ते बरोबर लक्षात आलं. आतल्या दाराचा पडदा हलला. सून असावी. बाहेर आली मात्र नाही.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या डिसेंबरातली. मी तेव्हा ठाण्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून गावोगावचे लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. वावे हे आमचं मूळ गाव, आडनाव त्यावरूनच. पण मी जन्मले ती ठाण्याला, आणि वाव्याला त्या दिवशी पहिल्यांदा आले होते. आले होते ते एका गुन्हेगाराचा माग काढत.

माझी पहिली कादंबरी त्याआधी दोन वर्षं प्रसिद्ध झाली होती. परीक्षणं बरी आली. ‘एका अपरिचित समाजाचं गोड चित्रण’ असं दोघातिघांनी लिहिलं. त्या ‘गोड’ शब्दानं माझं डोकं फिरलं होतं. पुढं एका चर्चेत एक प्राध्यापक हसत हसत म्हणाले, “बाई, जगभर ज्यूंचा छळ झाला, पण तुमच्या वाटेला इथं कुणी गेलं नाही. मग कादंबरीत संघर्ष आणणार कुठून तुम्ही?” सगळे हसले, मीही हसले. घरी आले आणि त्याच आठवड्यात दुसरी कादंबरी लिहायला घेतली. संघर्ष होता की माझ्याकडे. बाबांनी तो मला लहानपणापासून सांगितला होता.

माझे आजोबा लष्करात कंपाउंडर होते. निवृत्तीनंतर वाव्याला घराच्या ओटीवर त्यांनी छोटा दवाखाना काढला. अडतीस साली भायखळ्याच्या कुणा गृहस्थांची चिठ्ठी घेऊन एक जर्मन ज्यू डॉक्टर त्यांच्याकडे आला. कुर्ट झांडर त्याचं नाव. तिकडे त्याचा दवाखाना फोडला होता, भावाला पकडून नेलं होतं. आजोबांनी त्याला ठेवून घेतलं. वर्षभर तो ओटीवर बसून गावाला औषधं द्यायचा. एकोणचाळीसच्या सप्टेंबरात लढाई पेटली, आणि पंधराएक दिवसांत पोलीस येऊन त्याला घेऊन गेले. हिटलरच्या हातून निसटलेल्या माणसाला इंग्रजांनी जर्मन म्हणून छावणीत घातलं. कुणीतरी चुगली केली होती. ते कोण, याबद्दल बाबांना काडीची शंका नव्हती. गावचे खोत, रावसाहेब चौबळ. “त्याला आपल्या लोकांचा पहिल्यापासून दुस्वास,” बाबा म्हणायचे. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे होते.

माझ्या हस्तलिखिताची तीनशे पानं झाली होती आणि त्यात खोत हुबेहूब उतरला होता: त्याच्या मिशा, त्याचं पान थुंकणं, ‘हे तेली आणि तो गोरा, एकाच माळेचे मणी’ हे त्याचं वाक्य. फक्त एक गोष्ट हवी होती, पुरावा. तो प्राध्यापक पुन्हा हसला तर त्याच्या तोंडावर फेकायला.

आणि आता खोतांचा मुलगा माझ्यासमोर झोपाळ्यावर बसला होता.

“काय हवंय तुम्हाला?” मुकुंदराव म्हणाले.

“डॉक्टर झांडर आठवतात?”

झोपाळा थांबला. “आठवतात.”

“त्यांना पकडून दिलं ते कुणी?”

“चव्वेचाळीस वर्षं झाली त्याला.”

“म्हणून तर विचारते. ज्यांना आठवतंय ते आहेत तोवर.”

“कशासाठी?”

“कादंबरी लिहितेय.”

“लिहिताय की लिहून झालीये?”

मी पिशवीचा बंद सारखा केला. ते सदतीस वर्षं शिक्षक होते, हे मला पुढं कळलं. न केलेला गृहपाठ ते बरोबर ओळखत असणार.

“त्यात खोत आहे?” त्यांनी विचारलं.

“एक पात्र आहे.”

“काय नाव?”

“अजून ठरलं नाही,” मी खोटं बोलले. नाव दामोदरराव होतं आणि ते शंभर ठिकाणी आलं होतं.

सुनेनं चहा आणून ठेवला. माझ्याकडे न बघता ती आत गेली आणि पडद्यामागेच थांबली. तिची पावलं खाली दिसत होती. मला वाटलं, या घरात काहीतरी आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे.

“तुमच्या वडिलांनी फौजदाराला चिठ्ठी पाठवली होती, असं आमच्या घरात बोललं जातं,” मी सरळच म्हटलं.

“चिठ्ठी नव्हती. कार्ड होतं.”

माझा कप हातातच राहिला. “तुम्ही पाहिलंत?”

“फौजदार इथंच आला होता, याच ओटीवर. अक्षर ओळखता का, म्हणून त्यानं वडिलांना कार्ड दाखवलं. मी बाजूला उभा होतो.”

“मग? ओळखलं त्यांनी?”

“वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.”

“इंग्रजीत होतं ते?”

“होय.”

मी भराभर हिशेब मांडत होते. खोताला इंग्रजी येत नव्हतं, म्हणजे त्यानं लिहिलं नाही. पण खोताच्या घरात कार्ड पाहिलेला, मुंबईला कॉलेजात शिकणारा, वीस वर्षांचा मुलगा होता.

“तुम्हाला येत होतं,” मी म्हटलं.

“मला येत होतं.”

“गावात आणखी कुणाला?”

त्यांनी पायानं झोपाळ्याला रेटा दिला. मग म्हणाले, “पोस्टमास्तर होते. बाकी मला आठवत नाही.”

“आठवत नाही, की सांगायचं नाही?”

“तुम्ही मास्तरीण आहात ना?” ते पहिल्यांदाच किंचित हसले. “मग उत्तर ठरवून प्रश्न काढू नये, एवढं तुम्हाला कुणीतरी शिकवलं असेलच.”

“मुकुंदराव, ते कार्ड तुम्ही लिहिलंत का?”

पडद्याखालची पावलं हलली. ते उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

“घाला मला कादंबरीत,” ते म्हणाले. “मी काही कोर्टात जाणार नाही. माझं नाव घातलंत तरी चालेल. फक्त वडिलांना सोडा. ते दुसरं बरंच काही होते, पण हे नव्हते.”

नाकारलं नाही. एका शब्दानंही नाकारलं नाही. परतीच्या एस.टी.त मी ते वाक्य चार वेळा वहीत उतरवलं. मला आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. एका माणसानं एका माणसाचा घात केला होता आणि मी हरखून गेले होते.

सिपोराआत्या बाबांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नव्हतं. ठाण्याच्या एका इस्पितळात मेट्रन म्हणून काम करून ती निवृत्त झाली होती आणि बाबा गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहत होतो. बोलण्याला तुटक, शिस्तीची, शनिवारी चुलीला हात न लावणारी, बिनखवल्याचा मासा घरात येऊ न देणारी. माझी पहिली कादंबरी तिनं तीनदा वाचली होती आणि व्याकरणाच्या सात चुका काढून दिल्या होत्या. दुसरीबद्दल मात्र तिनं कधी विचारलं नाही. वाव्याला जाते म्हटल्यावर “काय ठेवलंय तिथं” एवढंच म्हणाली होती.

त्या शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसावा, लागत होता. दिवे लावून, प्रार्थना होऊन, आम्ही जेवायला बसलो. मला राहवेना.

“आत्या, सापडला. खोत नव्हता तो. त्याचा मुलगा होता.”

“कुठला मुलगा?”

“मुकुंद. त्यानं लिहिलं ते कार्ड.”

आत्यानं हातातला घास ताटात ठेवला. “तो म्हणाला असं?”

“म्हणाला नाही. पण मी तोंडावर विचारलं आणि त्यानं नाही म्हटलं नाही. उलट म्हणतो कसा, मला घाला कादंबरीत.”

“असं म्हणाला?”

“नाव घातलं तरी चालेल म्हणाला. बघ ना, इतक्या वर्षांनी का होईना, टोचत असणार.”

आत्या उठली आणि हात धुऊन खोलीत गेली. पोट बरं नाही म्हणाली. मला वाटलं, जुन्या गोष्टी निघाल्या म्हणून तिला त्रास झाला. त्यातही मला माझ्या कादंबरीचा विजयच दिसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसून दामोदरराव खोडून त्या जागी त्याचा मुलगा आणत होते. शनिवारी आत्या स्वतः पेन धरत नसे आणि मी धरलेलंही तिला आवडत नसे. ती येऊन समोर उभी राहिली, तेव्हा मला वाटलं, त्याबद्दलच बोलणार.

“ते खोडू नकोस,” ती म्हणाली. “म्हणजे खोतालाही काढ आणि मुकुंदालाही काढ.”

“का?”

“ते कार्ड मी लिहिलं.”

रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला होता. मी पेन खाली ठेवलं.

“तू?”

“वडिलांनी सांगितलं, मी लिहिलं. मला इंग्रजी येत होतं.”

“तुला कुणी शिकवलं?” हे विचारताना उत्तर मला कळलं होतं. तरी मी विचारलं. मला ते तिच्या तोंडून हवं होतं.

“डॉक्टरांनी,” आत्या म्हणाली. “वर्षभर. रोज दुपारी, पेशंट नसले की. मी अठरा वर्षांची होते. मुकुंदाही सुटीत यायचा, त्यांची पुस्तकं न्यायला.”

ती माझ्यासमोर बसली. मग जे बोलली ते थांबत थांबत, पण सरळ बोलली. पेशंटची हकीकत डॉक्टरला सांगावी तसं.

लढाई सुरू झाल्याची बातमी आली आणि गाव बदललं. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. पण ओटीवर पेशंट येईनासे झाले. बाजारात आजोबा गेले की बोलणं थांबायचं. डॉक्टरांकडे एक रेडिओ होता, त्यावर संध्याकाळी ते जर्मन बातम्या ऐकायचे. लोक म्हणू लागले, तो रेवदंड्याच्या खाडीत बोटींना निरोप देतो. मग एक दिवस पोलीस शिपाई आला. ओळखीचा होता, त्याच्या मुलाचा ताप आजोबांनी उतरवला होता. ओटीवर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, “कंपाउंडर, एक विचारू? तो डाक्तर तुमच्याच धर्माचा ना? मग तुम्हीपण मुळातले जर्मनच का?”

“वाईट हेतूनं विचारलं नाही त्यानं,” आत्या म्हणाली. “खरंच ठाऊक नव्हतं त्याला. पण वडील पांढरे पडले. आत जाऊन लष्करातले कागद आणून त्याला दाखवले. हे बघ माझं नाव, हे बघ गाव वावे, हा साहेबाचा सहीशिक्का. शिपाई म्हणाला, बरं बरं, मी आपलं सहज विचारलं. तो गेला, पण ते कागद टेबलावरून हलले नाहीत. तीन दिवस तिथंच. येईल त्याला दिसावेत म्हणून.”

“म्हणून पकडून दिलं?”

“माझा थोरला भाऊ सरकारी नोकरीत होता. वडील म्हणाले, ते येऊन आपल्याला त्याच्याबरोबर धरतील, त्याआधी आपणच कळवलेलं बरं. म्हणाले, पकडायचं तर त्याला पकडणारच आहेत, आज नाही तर उद्या. ते खरंही होतं, रिबका. सगळ्याच जर्मनांना धरत होते.”

“मग कार्डाची गरज काय होती?”

“आपण त्याच्यातले नाही, हे कळवायची गरज होती.”

“पण सही तर केली नाही तुम्ही.”

आत्यानं माझ्याकडे बघितलं. “नाही केली,” ती म्हणाली. “तेवढा धीर नव्हता.”

मी पाणी आणून दिलं. तिनं घेतलं नाही.

“वडिलांनी तीन वाक्यं सांगितली. वाव्यात एक जर्मन माणूस राहतो. त्याच्याकडे रेडिओ आहे. सरकारनं चौकशी करावी. मी इंग्रजीत केली. स्पेलिंगं चुकली नाहीत एकही.” तिनं पदराचं टोक सारखं केलं. “कार्डावर जागा उरली होती. नुसतं तेवढंच लिहिलेलं बरं दिसत नव्हतं. म्हणून मी एक वाक्य घातलं. वडिलांनी सांगितलं नव्हतं ते. रेडिओ ऐकून झाल्यावर तो एका वहीत काहीतरी लिहून ठेवतो.”

“लिहायचे?”

“लिहायचे. रोज.”

“काय?”

“मराठी शब्द. दिवसभरात पेशंटकडून ऐकलेले. कळ येते. ठणका लागतो. जीव घाबरा होतो. मलाच विचारून लिहायचे. त्यांच्या जर्मन लिपीत लिहायचे, म्हणून बाहेरच्याला कळायचे नाहीत.” आत्याचा आवाज तोवर एकदाही हलला नव्हता. तो आता हलला. “पोलिसांनी पहिली ती वही उचलली.”

डॉक्टरांचं एक पत्र छावणीतून आलं होतं. मोडक्या मराठीत, देवनागरी अक्षरांत. मी बरा आहे, तुमचे उपकार विसरणार नाही, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला नसेल अशी आशा करतो. आजोबांनी ते वाचून तिच्याकडे दिलं आणि उत्तर लिहायला सांगितलं नाही. तिनंही लिहिलं नाही. पुढं त्यांचं काय झालं, ते आमच्या घरात कुणाला कळलं नाही. मी नंतर बराच शोध घेतला. मलाही कळलं नाही.

“बाबांना माहीत होतं हे?”

“तो लहान होता. खोताचं नाव वडिलांनी त्याला सांगितलं. कुणाचं तरी सांगायला हवं होतं.”

मी माझ्या तीनशे पानांकडे बघत होते. इतके महिने ज्याचा मी संशय घेतला त्याच्या मिशा, त्याचं थुंकणं, त्याची वाक्यं, सगळं मी तयार केलेलं होतं. त्या शिपायाला जसा आमचा संशय आला, तसाच मला आला होता. फरक इतकाच, की त्यानं निदान विचारलं होतं.

“आत्या, आता मी हे कसं लिहू? लोक म्हणतील, बघा, यांचा माणूस यांनीच दिला.”

“म्हणतील.”

“मग?”

“ते तू बघ. लिहिणारी तू आहेस. मला इतकंच ठाऊक आहे, की मुकुंदा त्यात असता कामा नये.”

कादंबरी पुढं पंच्याऐंशी साली आली. खोत त्यात राहिला नाही, कार्ड लिहिणारी मुलगी आली. नाव बदललं, बाकी काही बदललं नाही. आमच्या समाजाच्या एका सभेत एक वयस्क गृहस्थ उभे राहून म्हणाले, की या बाईनं परक्यांच्या हातात कोलीत दिलं. आणि खरंच, महिन्याभरानं मला एक निनावी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, तुमची जात अशीच, हे तुम्हीच लिहिलंत ते बरं झालं. तो प्राध्यापक मला पुन्हा भेटला नाही. भेटला असता तर त्याला दाखवायला माझ्याजवळ शेवटी ते एक पत्र होतं. ते मी मागून आणलेलं होतं, एवढंच.

पण हे सगळं नंतरचं. त्याच्या आधी, त्या शनिवारनंतरच्याच रविवारी, आत्या पहाटे उठून तयार होऊन बसली होती. ठेवणीतली निळी साडी, हातात पर्स.

“चल,” ती म्हणाली. “पहिली गाडी सहाची आहे ना?”

वाव्याच्या स्टँडवर उतरल्यावर तिनं कुणाला रस्ता विचारला नाही. आमच्या जुन्या घराच्या जागी बर्फाचा कारखाना झाला होता. तिकडे तिनं मानही वळवली नाही. चौबळांच्या ओटीवर या वेळी दार सताड उघडं होतं. मुकुंदराव टेबलाशी बसून वह्या तपासत होते. गावातल्या मुलींना ते फुकट इंग्रजी शिकवायचे, त्या वह्या. त्या दिवशी वर्तमानपत्राखाली झाकलेले कागद तेच असावेत. का झाकले, ते मी विचारलं नाही.

त्यांनी चष्मा काढून बघितलं, मग पुन्हा लावून बघितलं.

“मुकुंदराव,” आत्या पायरीवरूनच म्हणाली, “मी सिपोरा.”

“वर या.”

“आधी सांगते, मग येते. ते कार्ड मी लिहिलं होतं. तुमच्या वडिलांवर जो आळ आला, तो माझा होता. हिला काल सांगितलं. तुम्हाला आज सांगते.”

“माहीत आहे मला,” मुकुंदराव म्हणाले.

“केव्हापासून?”

“फौजदारानं कार्ड दाखवलं तेव्हापासून. तारखेतला सात होता. त्याच्या मध्ये आडवी रेघ होती. गावात अशी रेघ दोघंच द्यायचे, डॉक्टर आणि तू.” ‘तू’ त्यांच्या तोंडून सहज गेलं आणि परत घेतलं गेलं नाही. “वर ये, सिपोरा. पायरीवर ऊन आहे.”

ती वर आली. बसली ती खुर्चीच्या अगदी कडेवर.

“मग बोललास का नाही?” तीही आता तुम्ही विसरली होती. “तुझ्या वडिलांकडे आमचा अख्खा समाज बोट दाखवत होता. एकदा तोंड उघडलं असतंस.”

“उघडून काय सांगितलं असतं? त्या आठवड्यात गाव कसं होतं, तू पाहिलंस. कंपाउंडराच्या घरातूनच चुगली झाली, म्हणजे त्यांना आतलं काहीतरी माहीत होतं, म्हणजे तेही सामील, असंच झालं असतं. तुमचं घर गावात राहिलं नसतं.”

“नाही तरी कुठं राहिलं?” आत्या म्हणाली. “अठ्ठेचाळीस साली उठलोच की. कुणी ऊठ म्हटलं नाही, तरी उठलो. वडिलांना ओटीवर बसवेना.”

मुकुंदरावांनी समोरची वही मिटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की मी काहीतरी म्हणायला हवं.

“तुम्ही मला परवा ‘नाही’ का म्हटलं नाहीत?” मी विचारलं. “मी तुमच्यावर सरळ आरोप केला होता.”

“नाही म्हटलं असतं, तर तुम्ही पुढचा माणूस शोधला असता. आणि पुढचा माणूस तुमच्या घरात बसला होता.”

आत्या उठली. पर्स हातात घेतली. “सांगायचं होतं ते सांगितलं,” ती म्हणाली. “साडेबाराची गाडी आहे.”

“तारामती,” मुकुंदरावांनी आत सुनेला हाक मारली, “दोन पानं जास्त वाढ.”

“नको,” आत्या म्हणाली. “मी बाहेर जेवत नाही. तुला ठाऊक आहे, आम्हाला सगळं चालत नाही.”

“ठाऊक आहे. जिताडा आहे,” ते म्हणाले. “खवल्याचा. बिनखवल्याचं या घरात आज काही शिजलेलं नाही.”

आत्या थोडा वेळ पायरीकडे तोंड करून तशीच उभी राहिली. मग वळली, पर्स टेबलावर त्या मुलींच्या वह्यांशेजारी ठेवली, आणि हात धुवायला पाणी कुठं आहे म्हणून सुनेला विचारलं.